अपग्रेडनंतर लॉगिन होईना: चूक पासवर्डची की सर्टिफिकेटची?

मागच्या लेखात विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे मॉडेलमध्ये कसे भरतात ते लिहिलं होतं आणि पुढचा भाग लगेच टाकते म्हटलं होतं. तो लांबला, कारण ते मॉडेल ज्या कॉम्प्युटरवर चालतं तिथपर्यंत मलाच पोहोचता येत नव्हतं. आजचा लेख त्या भानगडीवर आहे. भूजलाचा विषय नाही, पण संशोधनाचा नक्की आहे. शिवाय या प्रकरणात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगायची आहे.

माझं घर राहुरी तालुक्यात, संस्था पुण्यात. मे महिन्यात, पावसाआधीची पातळी मोजायची असते तेव्हा मी गावीच असते. दिवसभर विहिरी, संध्याकाळी आकडे. मॉडेल मात्र माझ्या लॅपटॉपवर चालत नाही. त्याचं सॉफ्टवेअर परवान्याचं, आणि परवाना संस्थेचा. म्हणून आम्ही व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरतो. सोप्या भाषेत, खरा कॉम्प्युटर पुण्याच्या सर्व्हर रूममध्ये असतो आणि मला घरी दिसतं ते फक्त त्याच्या स्क्रीनचं चित्र. मी माउस हलवला की ती हालचाल पुण्याला जाते, तिकडे काम होतं, बदललेलं चित्र परत येतं. त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरसुद्धा मोठं मॉडेल चालवता येतं. रेंज असेल तर!

एका शनिवार-रविवारी हे सॉफ्टवेअर अपग्रेड झालं. सोमवारी सकाळी मी लॉगिन करायला गेले तर सूचना आली: या सर्व्हरची ओळख पटवता येत नाही. सहामाही प्रगती अहवाल गुरुवारी द्यायचा होता आणि त्यातली शेवटची दोन रन बाकी होती. मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. सेटिंग्जमध्ये गेले. तिथे तीन पर्याय होते: ओळख न पटलेल्या सर्व्हरशी कधीच जोडू नका, जोडण्याआधी इशारा द्या, आणि ओळख तपासूच नका. मी तिसरा निवडला.

आता वेगळा एरर. युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. पाच वेळा तोच पासवर्ड टाकला, सावकाश, एकेक अक्षर बघत. पाचव्यांदा खातं लॉक झालं. अर्ध्या तासाने खातं उघडल्यावर सहज युजरनेमच्या आधी डोमेनचं नाव आणि उलटी तिरकी रेघ टाकून पाहिली, आणि आत गेले. लगेच विभागाच्या ग्रुपवर स्क्रीनशॉटसकट टाकलं: "आधी सर्टिफिकेट तपासणी बंद करा, मग डोमेनसकट नाव टाका. होतंय." बारा-तेरा अंगठे, दोन नमस्कार, एक "ताई ग्रेट".

इथे जरा थांबा. मी एका प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि निकाल दोन्हींच्या नावावर लिहून टाकला होता. पंपिंग टेस्टमध्ये कोणी असं केलं असतं तर मीच त्याला बोलले असते.

खरं काय घडलं होतं ते समजायला मधली साखळी बघावी लागते. माझ्या लॅपटॉपवर क्लायंट नावाचा प्रोग्रॅम. तो संस्थेच्या वेशीवरच्या गेटवेशी बोलतो. गेटवे आतल्या ब्रोकरशी बोलतो. कोणाला कोणता डेस्कटॉप द्यायचा हे ब्रोकर ठरवतो. ब्रोकर पासवर्ड खरा की खोटा हे डोमेन कंट्रोलरला विचारतो. आणि शेवटी प्रत्यक्ष डेस्कटॉप. यातल्या बहुतेक सांध्यांवर दोन्हीकडच्या यंत्रांना एकमेकांची ओळख पटावी लागते. एकाच सूचनेमागे वेगवेगळ्या सांध्यांतला बिघाड असू शकतो, आणि दोन वेगळे बिघाड एकाच सकाळी येऊ शकतात. आमच्याकडे तेच झालं.

आधी सर्टिफिकेट. हे आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला फार सोपं आहे, कारण ई-आधारची पीडीएफ कॉम्प्युटरवर उघडून बघितलेल्या कोणालाही ते पिवळं प्रश्नचिन्ह माहीत आहे. वडिलांनी एकदा विचारलं होतं, "अगं, सरकारी कागद आहे ना? मग सहीवर प्रश्नचिन्ह का?" सही खरीच असते. पण आपल्या कॉम्प्युटरमधला पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम त्या सहीमागच्या संस्थेला ओळखत नसतो. डिजिटल सहीच्या मागे सर्टिफिकेट असतं, त्या सर्टिफिकेटवर वरच्या संस्थेची सही, तिच्या सर्टिफिकेटवर आणखी वरच्याची. शेवटी एक मूळ असतं, ज्याच्यावर सही करणारं वर कोणीच नसतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली भारतात हे मूळ प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांकडे आहे. ते मूळ तुमच्या कॉम्प्युटरच्या विश्वासातल्या यादीत घातलं की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. कागद तोच, सही तीच. बदलते ती तुमच्या बाजूची यादी.

सर्व्हरचंही असंच. तो सर्टिफिकेट दाखवतो आणि क्लायंट तीन गोष्टी बघतो: नाव जुळतं का, मुदत चालू आहे का, आणि सहीची साखळी आपल्या यादीतल्या मुळापर्यंत पोहोचते का. अपग्रेडनंतर या तिन्हींत वेगवेगळ्या कारणांनी बिघाड होतो.

नावाचं उदाहरण तर आपल्या दारातच आहे. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. माझ्या डोमिसाइलवर अहमदनगर, नव्या फॉर्मवर अहिल्यानगर, आणि बोलताना सगळे अजून नुसतं नगर म्हणतात. टेबलामागच्या माणसाला हे एकच आहे हे कळतं. कॉम्प्युटरला कळत नाही. सर्टिफिकेटवर सर्व्हरचं पूर्ण नाव असेल आणि तुम्ही क्लायंटमध्ये जुनं छोटं नाव किंवा नुसता आयपी पत्ता टाकून ठेवला असेल, तर त्याच्या दृष्टीने हा दुसराच कोणीतरी आहे. उपाय असा की सर्टिफिकेटवर सगळी पर्यायी नावं लिहून घ्यायची. त्यासाठी त्यात वेगळा रकाना असतो. जुन्या सर्टिफिकेटांमध्ये फक्त मुख्य नाव असायचं. क्रोमने २०१७ पासून ते मुख्य नाव बघणंच बंद केलं, फक्त पर्यायी नावांचा रकाना वाचतो. म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं अंतर्गत सर्टिफिकेट नव्या आवृत्तीला अचानक चालेनासं होतं. सर्टिफिकेट बिघडलेलं नसतं, वाचणाऱ्याचे नियम बदललेले असतात.

मुदतीबद्दल थोडक्यात. सार्वजनिक वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस होती. ती १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस करायचं ठरलं आहे. वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून हाताने बदलायचं दिवस संपत आले. संस्थेने स्वतःपुरतं काढलेल्या सर्टिफिकेटांना हा नियम लागू नाही, पण त्यांची स्वतःची डोकेदुखी आहे, ती पुढे येतेच.

मुदतीत आणखी एक गंमत आहे. दोष सर्टिफिकेटचा नसून तुमच्या घड्याळाचा असू शकतो. आमच्या काकांकडच्या जुन्या डेस्कटॉपवर दर काही दिवसांनी प्रत्येक वेबसाइट एरर द्यायची. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची, आणि मागच्या तारखेला उभं राहून बघितलं तर आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. मदरबोर्डवरचा बटण सेल बदलला, प्रश्न मिटला. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे बघता मी हल्ली कोणी सर्टिफिकेटची तक्रार केली की आधी विचारते, "खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?" सर्व्हरकडेही हाच प्रकार होतो. विंडोज डोमेनमध्ये लॉगिनसाठी वापरली जाणारी कर्बेरॉस पद्धत दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर पासवर्ड बरोबर असूनही नकार देते. अपग्रेडसाठी सर्व्हर बंद-चालू केले आणि एखाद्याची वेळ सरकली, तर सगळ्या विभागाला एकाच वेळी आपापले पासवर्ड विसरल्यासारखं वाटतं. मोबाइलवरच्या ओटीपी ॲपमधले आकडे बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतात, तेही घड्याळावरच चालतात.

आता तिसरी गोष्ट, साखळी. आमचा बिघाड इथेच होता. ब्रोकर दोन होते, ओझं वाटून घ्यायला. अपग्रेड करताना पहिला जागच्या जागी वर चढवला, दुसरा जुन्या मशीनवरून काढून नव्याने बसवला. नव्याने बसवलेल्या सर्व्हरला योग्य सर्टिफिकेट सापडलं नाही की तो स्वतःच स्वतःला एक सर्टिफिकेट लिहून देतो. आपल्या दाखल्यावर आपणच तहसीलदार म्हणून सही करावी तसं. त्यामुळे पहिल्याकडे गेलेल्यांना काही अडचण नाही, दुसऱ्याकडे गेलेल्यांना इशारा. ग्रुपवर निम्मे म्हणत होते "माझं चालतंय" आणि निम्मे "नाही चालत". मी त्याचा अर्थ काढला की नेटवर्क खराब आहे. अधूनमधून येणारा एरर म्हणजे नेटवर्क, ही समजूत मी स्वतःपुरती आता काढून टाकली आहे.

योग्य सर्टिफिकेट सापडणं हेही दिसतं तितकं सरळ नसतं. होरायझन या प्रसिद्ध व्हर्च्युअल डेस्कटॉप सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या (आधी ते व्हीएमवेअरचं होतं, २०२४ पासून ऑम्निसा या वेगळ्या कंपनीचं आहे). त्याचा सर्व्हर विंडोजच्या सर्टिफिकेटांच्या कपाटात 'व्हीडीएम' असं टोपणनाव लावलेलं सर्टिफिकेट शोधत आला आहे. तुम्ही नवं कोरं सर्टिफिकेट आणून ठेवलं पण टोपणनाव लावलं नाही, तर त्याच्या लेखी ते नाहीच. जुन्यावरचं टोपणनाव काढायला विसरलात तर दोन व्हीडीएम आणि गोंधळ. खाजगी किल्ली एक्स्पोर्ट करता येईल अशी आयात केली नाही तरी अडतं. आणि हे सगळं नीट करून सर्व्हिस रीस्टार्ट केली नाही तर सर्व्हर जुनंच दाखवत राहतो. गेटवेचाही हिशेब असतो: आतल्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा थंबप्रिंट, म्हणजे अक्षरशः अंगठ्याचा ठसा, तो नोंदवून ठेवतो. आत सर्टिफिकेट बदललं आणि गेटवेवर ठसा बदलला नाही, तर बाहेरच्यांना दार बंद, आतल्यांना उघडं. आपल्याकडच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांना विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: कॅम्पसमध्ये बसून चालतंय का? चालत असेल तर बहुधा गेटवेकडे बघा.

संस्थेच्या स्वतःच्या मुळाची डोकेदुखी ती हीच. संस्थेने दिलेल्या, डोमेनला जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये ते मूळ आपोआप पोहोचवलेलं असतं. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये नसतं. लॅबमधल्या मैत्रिणीला काहीच दिसत नाही आणि घरी बसलेल्या मला इशारा, याचं हेही एक कारण असू शकतं. त्यावरचा उपाय ते मूळ संस्थेकडून मागून आपल्या यादीत घालणं हा आहे, तपासणी बंद करणं हा नव्हे.

आणि कधीकधी ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतं, क्लायंटच तेवढा रडतो. तेव्हा बहुधा मधलं सर्टिफिकेट सर्व्हरवर बसवलेलं नसतं. ब्राउझर ते मधलं सर्टिफिकेट अनेकदा आपलं आपण मिळवतो, बाकी प्रोग्रॅम तेवढे कष्ट घेत नाहीत. इशाऱ्यातलं सर्टिफिकेट उघडून "कोणी दिलं" एवढी ओळ वाचली तरी निम्मं निदान होतं. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं किंवा कॉलेजच्या फायरवॉलचं नाव दिसलं तर तेच मध्ये बसून वाहतूक उघडून बघत आहेत. सर्व्हरचंच नाव दुसऱ्यांदा दिसलं तर सर्टिफिकेट स्वतःच स्वतःला दिलेलं.

मग माझा दुसरा एरर, पासवर्ड चुकीचा म्हणणारा? त्याचा सर्टिफिकेटशी काडीचा संबंध नव्हता. जुन्या आवृत्तीत लॉगिनच्या खिडकीत डोमेन निवडायची यादी यायची. नव्या आवृत्तीत ती दिसेनाशी झाली, कारण लॉगिन न केलेल्या परक्या माणसाला आतल्या डोमेनांची नावं कळू नयेत. कल्पना चांगली आहे. फक्त आता नावासोबत डोमेन आपण लिहायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि एरर मात्र पासवर्डकडे बोट दाखवतो. तोही मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. नाव चुकलं की पासवर्ड हे चोरालाही कळू नये म्हणून. याचा त्रास प्रामाणिक माणसालाच जास्त. पासवर्ड बरोबर असताना असं झालं तर पुन्हा पुन्हा टाकू नका, खातं लॉक होतं. डोमेन, कीबोर्डची भाषा (मराठी टायपिंग चालू राहिलेलं असतं!) आणि कॉम्प्युटरने आठवणीत ठेवलेला जुना पासवर्ड, एवढं आधी बघा.

म्हणजे डोमेन लिहिल्यामुळे मी आत गेले होते. तपासणी बंद केल्याने फक्त इशारा गप्प झाला होता.

यात एवढं काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. तपासणी बंद असली तरी संभाषण सांकेतिकच असतं, वाटेत कोणाला वाचता येत नाही. पण ते सांकेतिक संभाषण कोणाशी चाललंय हे मात्र कोणीच बघत नाही. बसस्टँडच्या किंवा लॉजच्या वायफायवर कोणी संस्थेच्या नावाचा खोटा सर्व्हर उभा केला तर माझा क्लायंट त्यालाही पासवर्ड देऊन मोकळा होईल. तोच पासवर्ड मेलला, तोच फेलोशिपच्या पोर्टलला.

खोट्या सर्टिफिकेटांची गोष्ट कल्पनेतली नाही, भारतात घडलेली आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या काही डोमेनसाठी परवानगीशिवाय सर्टिफिकेटं निघाली आहेत, आणि ती निघाली होती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून. त्या साखळीचं मूळ तेच भारत सरकारचं, आणि ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी, तिच्यात हे मूळ नव्हतं, म्हणून तो वाचला. नियंत्रकांनी एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली. गूगलने पुढे क्रोममध्ये त्या मुळावरचा विश्वास ठरावीक भारतीय डोमेनांपुरताच ठेवला. तपासणी चालू असतानाही फसवणूक शक्य होती, मग बंद असताना काय!

आणि चुकीचा उपाय पसरण्यात मी पहिली नाही. मे २०१८ मध्ये विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधली एक खरी भेग बुजवणारं अपडेट आलं. एका बाजूला अपडेट झालं आणि दुसऱ्या बाजूला नाही, की जोडणी नाकारली जायची. उपाय होता दुसऱ्या बाजूलाही अपडेट करणं. पण जगभर पसरला तो शॉर्टकट: एका सेटिंगमध्ये जाऊन चक्क 'व्हल्नरेबल' म्हणजे 'असुरक्षित' नावाचा पर्याय निवडा. पर्यायाचं नावच ते होतं, तरी लोकांनी निवडला. मी हे वाचून हसले होते, २०१८ मध्ये.

आमचा सर्व्हर तीन दिवसांत दुरुस्त झाला. अहवालही वेळेत गेला. दोन आठवड्यांनी सर्व्हर बघणाऱ्या दादांचा फोन आला. "ताई, ग्रुपवरचा तो मेसेज तुमचाच ना? आता सर्टिफिकेट नीट आहे. सगळ्यांना तपासणी परत चालू करायला सांगा." मी म्हटलं, सांगते. मेसेज टाकला. एक अंगठा आला.

अडचण अशी की तपासणी बंद असलेल्या माणसाला काहीच त्रास होत नाही. सर्व्हर खरा असो, खोटा असो, त्याची खिडकी शांत. त्यामुळे "परत चालू करा" हा मेसेज वाचून कोणी उठत नाही. "बंद करा" वाचून सगळे उठले होते, कारण तेव्हा काम अडलं होतं. मग मी एकेकाला फोन करायला लागले. दोघांनी लॅपटॉप बदलला होता, तिथे आपोआप सुटका. एकीने माझा स्क्रीनशॉट दुसऱ्या विभागात पाठवला होता, तिकडच्या एका मुलाला मी कधी भेटलेलीही नाही, पण त्याच्या लॅपटॉपवरचं सेटिंग माझ्यामुळे बदललेलं. त्याला शोधून फोनवरच करायला लावलं. जुना मेसेज डिलीट करायला गेले तर वेळ निघून गेली होती, म्हणून त्यालाच उत्तर देऊन खाली लिहिलं की हे करू नका, आणि का ते चार ओळींत.

आता एकच जण राहिलाय. तो अकोल्याकडे फील्डवर आहे, तिथे रेंज नाही. गुरुवारी येतो म्हणालाय.